चिकूला उंबऱ्याबाहेर ठेवणारी मामी

आमच्या भागात चिकूला घरात बंदी घालणारी एकच बाई होती: मामी. तिची स्वतःची वाडी चिकूचीच. माल ओट्यावर उतरायचा, ओट्यावर पिकायचा आणि तिथूनच बाजारात जायचा. पाहुण्याने प्रेमाने आणलेले चिकूही ओट्यावर बसूनच खावे लागत.

कारण होते ट्यूलिप. मैत्रिणींबरोबर काश्मीरला गेलेल्या मामीने तिथे भरगच्च पाकळ्यांचे, फिकट रंगांचे, हंगाम सरताना फुलणारे ट्यूलिप पाहिले आणि तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात ते लावायचे ठरवले. ती वेण्या आणि गुच्छ बोईसरला विकायची, त्यामुळे तिला हे वेड वाटत नव्हते. "फुलाला गाव कळत नाय, थंडी कळते," असे ती म्हणे.

ट्यूलिपचे कांदे लावण्याआधी काही महिने थंडीत निजवावे लागतात. मामीने ते फ्रिजमध्ये ठेवले, शेजारी पिकलेले चिकू. कुंड्यांत पानेच पाने आली, फूल एकही नाही. पिकणाऱ्या फळातून सुटणाऱ्या वायूने आतली कळी मरते, हे कांदे विकणाऱ्याने फोनवर नंतर सांगितले. बंदी त्या दिवसापासून लागू झाली. मामांनी ती मनावर घेतली नाही. पुढच्या खेपेला फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात त्यांची वेलची केळ्यांची अर्धी फणी सापडली.

नवापूरची हिराबाई दारावर मासळी घेऊन यायची. तुझ्या फ्रिजात काय काय असते, असे मामीने तिला विचारले.

"म्हावरा. दुसरा काय असनार?"

"आणि फळं?"

"फळ कोन ठेवते, मामी? आमी आनतो तवाच खातो."

त्या वर्षीपासून कांदे नवापूरला निजू लागले, खालच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून. परत आले तेव्हा त्यांना बोंबलाचा वास होता. मामा नाक धरून ओट्यावर चिकूंशेजारी जाऊन बसले.

त्याच वर्षी माघात हिराबाईच्या लेकीचे, सोनलचे लग्न होते. नवरीच्या हातात आपल्याच ट्यूलिपचा गुच्छ असेल, असा शब्द मामीने दिला. नवऱ्याकडचे तयार गुच्छ आणणार होते. हिराबाईने त्यांना नको म्हणून कळवले. आता फुले आली नाहीत तर नवरी रिकाम्या हाताने उभी राहणार होती. हिराबाई रोज सकाळी टोपलीतला मूठमूठ बर्फ मामीच्या कुंड्यांत घालू लागली. मासळी टिकते तर फूल का नाही, असा तिचा हिशेब होता.

लग्नाच्या सकाळी कळ्या मिटलेल्याच होत्या, हिरव्या आणि घट्ट. दांडे जेमतेम वीतभर. मामीने त्या कापल्या, केळीच्या सोपाच्या धाग्याने बांधल्या आणि सोनलच्या हातात दिल्या. सरावलीहून आलेल्या फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. "आंटी, ये गोभी है क्या?" मांडवात हशा पिकला. सोनलने गुच्छ पदराआड नेला.

मामी त्याला शांतपणे म्हणाली, "थांब जरा. गोबी फुलते."

मांडवात दिव्यांचा आणि माणसांचा उकाडा होता. मंगलाष्टकांना सुरुवात झाली तेव्हा हिरव्यातून फिकट गुलाबी दिसू लागले. हार पडेपर्यंत पाकळ्यांमागून पाकळ्या सुटल्या होत्या. मामी ज्या उकाड्याशी इतके दिवस भांडली, त्यानेच शेवटचे काम केले. फोटोवाल्याने मग एकट्या गुच्छाचेच फोटो काढले. हिराबाईने फुले डोळ्यांजवळ नेऊन निकाल दिला, "उकडलेल्या कोलंबीचा रंग हाय." याहून मोठी पावती मामीला कधी मिळाली नाही, असे ती स्वतःच सांगायची.

मागच्या पावसाळ्यात मामी गेली. दिवाळीनंतर मी नवापूरला हिराबाईकडे गेलो, वाडीतले पिकलेले चिकू घेऊन. ती दारातच आडवी आली. तिच्या मागे उघड्या फ्रिजचा खालचा कप्पा मासळीवाचून दिसत होता. कागदाच्या पुड्या नीट मांडलेल्या होत्या. कांदे तिने स्वतःच मागवले होते.

"भाच्या, पिशवी भायेर ठेव," ती हळू आवाजात म्हणाली. "कांदे निजलेत."

आम्ही चिकू पायरीवर बसून खाल्ले.