वन-टी की टू-टी

कापसाचे भाव पडलेल्या त्या वर्षांत पांढरकवड्यात माझं डीटीपीचं दुकान होतं. घरोघरच्या लग्नपत्रिका कमी झाल्या, सामूहिक विवाहांच्या वाढल्या. एकाच पत्रिकेत सगळी जोडपी, प्रत्येकाचा फोटो. इतकी जड फाइल कॉम्प्युटरला झेपेना, म्हणून मी मेमरीची आणखी एक पट्टी बसवून घेतली. त्यानंतर तो सारखा बंद पडू लागला.

घाटंजीकडची एक नवरी आपलं नाव तपासायला आली होती. नावातली वेलांटी चुकली होती. ती मी सुधारली आणि सेव्ह करण्याआधीच पडदा निळा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी तिला म्हटलं, तू जा, मी बरोबर करून ठेवते. ती हलली नाही.

"ताई, पत्रिकेत माह्यं नाव एकदाच येणार हाय. पाहूनच जातो."

मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ होते. त्यांना मी भाऊ म्हणायची. त्यांनाच बोलावून आणलं. त्यांनी दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या लावून पाहिल्या. एकटी असली की कुठलीही नीट चाले, दोन्ही लावल्या की बिघाड. एक काढली तर फाइल उघडत नव्हती. मग ते बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरले आणि एका ओळीवर थांबले. कमांड रेट, वन-टी. हे काय, असं मी विचारलं.

"मेमरीची चिप निवडल्यावर तिले हुकूम द्यायच्या आधी कॉम्प्युटरच्या घड्याळाचे किती ठोके थांबायचं, ते. आता एकच ठोका थांबून राह्यला. दोन पट्ट्या असल्या की तारांवर बोजा पडते, इशारा पोचायले वेळ लागते. दोन ठोके देऊन पाहू."

कॉम्प्युटर मंदावेल का, अशी मला शंका होती. मोजलं तर मंदावेल, तुम्हाला जाणवणार नाही, असं ते म्हणाले. एक ठोका केवढा असतो, हे नवरीने विचारलं. पापणी लवते तेवढ्यात कोट्यवधी होतात, असं भाऊंनी सांगितलं.

त्यांनी टू-टी केलं. फाइल उघडली. वेलांटी सुधारली, सेव्हही झाली. नवरीने नावावर बोट फिरवत ते वाचलं. मग शेजारच्या चौकटीतल्या आपल्या नवरदेवाचा फोटो जरा मोठा करायला सांगितला. याआधी असा काही बदल केला की पडदा निळा व्हायचा. मी फोटो मोठा केला. या वेळी काही झालं नाही. तिने बराच वेळ पाहिलं, झालं म्हणाली, आणि बसस्टँडकडे निघून गेली.