एका हातानं चालणारी नाव

आमचं शेत घोड धरणाच्या पाण्याला लागून होतं. धरण झालं तेव्हा खालची जमीन पाण्यात गेली आणि वरची तेवढी राहिली. गावातल्या बऱ्याच जणांना त्या पाण्याकडे बघवत नसे. मला मात्र ते आवडायचं. पोरवयात मी भीमेच्या डोहावर गळ टाकून बसत असे. आता नदीच दारात आली, असं मी म्हणायचो. आठवड्यातून एखादी दुपार मोकळी सापडली की कणकेचा गोळा आणि गळाची काठी घेऊन मी काठावर जाई. भावकीतले लोक हसायचे. पाटलाच्या पोरानं भोयाचा धंदा धरला, म्हणायचे. मी विकत तर काहीच नव्हतो. एखादी मरळ नाहीतर चिलापी मिळे, ती घरी खाल्ली जाई.

एकोणीसशे सत्तरच्या हिवाळ्यात माझा डावा हात गेला. बैलांसाठी कडबा तोडत होतो. कडबाकुट्टीचं मोठं चाक माझी बायको फिरवत होती आणि मी पेंढी आत सारत होतो. कडब्याचं एक ताट आडवं अडकलं, ते सरळ करायला मी हात आत घातला. चाक थांबायच्या आत पातं फिरलं. नगरच्या दवाखान्यात मनगटाच्या वरपासून हात काढला. जखम भरली, घरी आलो. एका हातानं नांगर धरता येत नाही, मोट हाणता येत नाही, साधं धोतर नेसायचं तरी दुसऱ्याची मदत लागते. बायको सगळं करायची. कुट्टीचं मशीन गोठ्यात तसंच पडलेलं होतं आणि बैलांचा कडबा ती कोयत्यानं तोडायची. त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलत नसे. मीही बोलत नव्हतो.

मासे मात्र मला हवेच होते. काठावरून एका हातानं गळ लांब जात नव्हता आणि काठाजवळ मासा येत नव्हता. म्हणून गावच्या सुताराकडून मी एक छोटी नाव करवून घेतली. आंब्याच्या फळ्या, खाली सपाट, फटींत कापूस आणि वरून डांबर. पाण्यावर जाळं टाकणारा एक म्हातारा भोई होता, त्यानं ती हलवून बघितली आणि म्हणाला, "तरंगंल. पन वल्हवनार कोन?"

हा विचार मी केलाच नव्हता असं नाही. पहिल्या दिवशी एकटा बसलो आणि एकाच वल्ह्यानं मारू लागलो. नाव जागेवर गोल फिरली. काठावर कपडे धुणाऱ्या बायका काम सोडून बघत राहिल्या. मी वल्हं या बाजूला मारावं, मग उचलून त्या बाजूला मारावं, तोवर वारा नाव परत काठाला आणून लावायचा.

बायको तिथंच होती. ती पाण्यात उतरली, लुगडं खोचलं आणि नावेत चढून बसली. तिला पोहता येत नव्हतं. पाण्याची तिला भीती वाटायची, हे मला माहीत होतं.

"द्या ती वल्ही," ती म्हणाली.

"तुला जमायचं न्हाई."

"जमंल. तुमी सांगा कसं मारायचं ते."

आणि तिला जमलं. त्यानंतर ती मला घेऊन जायची. तोंड घट्ट मिटून, पाण्याकडे न बघता ती वल्हवायची. मी पुढे बसून गळ टाकायचो. काठी धरून ठेवायला नावेच्या कडेला मी पाइपचा एक तुकडा ठोकून घेतला होता. त्यात काठी रोवली की उजवा हात दोरा ओढायला मोकळा राही. मासे मिळू लागले. पण मला त्यात सुख नव्हतं. दिवसभर घरचं आणि शेतातलं काम करून ही बाई मला पाण्यावर फिरवते, हे मला आतून खात होतं. मला एकट्याला जायचं होतं.

उपाय दिसला तो एका रविवारी. नगरच्या छावणीतले दोन लष्करी अधिकारी सुट्टीला मासेमारीसाठी धरणावर यायचे. त्यांच्या पत्र्याच्या नावेच्या मागच्या बाजूला एक इंजिन लावलेलं असायचं. त्या दिवशी ती नाव आमच्या अगदी जवळून गेली. मागे बसलेल्या माणसाच्या एका हातात सिगारेट होती. दुसरा हात त्यानं इंजिनच्या दांड्यावर नुसता ठेवला होता. दांडा थोडा इकडे केला की नाव तिकडे वळत होती.

मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? एका हाताचं काम हाय ते."

लाटेनं आमची नाव हलली तेव्हा तिनं कड घट्ट धरली.

तसलं इंजिन कुठं मिळतं, हे आमच्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं. मी काष्टीच्या बाजारात विचारलं, श्रीगोंद्याला पाण्याच्या पंपांचं काम करणाऱ्यांना विचारलं. लोक म्हणायचे, विहिरीवरचं इंजिन बसव की. शेवटी नगरला लष्कराचा जुना माल विकत घेणाऱ्या एका भंगारवाल्याकडे मला एक मिळालं. तंबूच्या कापडाखाली ते आडवं पडलेलं होतं. वर एक टाकी, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. एक पातं कोपऱ्यात तुटलेलं होतं.

"चालू हाय का?" मी विचारलं.

"चालू असतं तर फौजेनं कशाला काढलं असतं?" तो म्हणाला. "पण जाम नाही. दोरी ओढून बघा."

मी दोरी ओढली. आत काहीतरी फिरलं आणि दमा झालेल्या माणसासारखा आवाज आला. मला तेवढं पुरलं. बदल्यात काय देता, त्यानं विचारलं. मी विचार करतो म्हणून घरी आलो.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "गोठ्यातलं मशीन द्या त्येला. लई लोखंड हाय त्यात."

दुसऱ्या दिवशी मशीन गाडीत चढवताना ती समोर आली नाही. गाडी दारातून हलल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर ती गोठ्यातली ती रिकामी जागा झाडत होती.

इंजिन चालू करायला मला जवळजवळ सगळा उन्हाळा लागला. कोणाला काही शिकवायला लावलं नाही, कारण शिकवणारा कुणी नव्हताच. मी ते अंगणात आंब्याच्या बुंध्याला बांधलं आणि खाली पाण्यानं भरलेलं पिंप ठेवलं. एकेक भाग काढायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, होता तसा परत लावायचा. स्क्रू फिरवताना भाग धरायला दुसरा हात नसे, म्हणून पायाच्या बोटांनी धरायला शिकलो. आत पाणी खेचणारी एक रबराची चकती सडलेली होती. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून मी तशा कितीतरी कापल्या, तेव्हा एक नीट बसली. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं याचा अंदाज चुकून एकदा निळ्या धुरानं सगळं अंगण भरलं. पण चालू झालं. त्या आवाजानं शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. बायको दारात उभी होती आणि बऱ्याच महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं.

नावेच्या मागच्या फळीवर इंजिन घट्ट बसवलं आणि मी एकटा पाण्यावर गेलो. दांड्यावर हात ठेवला, नाव सरळ चालली. मी मधल्या खोल पाण्यापर्यंत गेलो, इंजिन बंद केलं, गळ टाकून बसलो. चारी बाजूंना पाणी आणि मला कुणी आणलेलं नाही.

संध्याकाळी परत आलो. बायको काठावर बसलेली होती. "तू कशाला थांबलीस?" मी विचारलं.

"मग काय करू? आता माझं तिकडं काय काम?" एवढं बोलून ती मासे घेऊन घराकडे चालू लागली.

तरी पुढच्या प्रत्येक वेळी ती काठावर यायची. मी नाव ढकलली की चपला काढून बसायची आणि मी दिसेल तोवर बघत राहायची. मी तिला घरी जा म्हणायचो. ती जायची नाही.

पुढे एक दिवस असा आला की मी दुपारी निघालो तेव्हा वारा अगदी नव्हता. मासा लागत नव्हता म्हणून मी पलीकडच्या काठाकडे गेलो. तिथं पाण्याखाली जुन्या बाभळींचे बुंधे होते. पंखा एका बुंध्याला लागला, खटकन आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं पण नाव हलेना. पंख्याला इंजिनच्या फिरत्या आसाशी जोडणारी एक छोटी पिन असते. पंखा कशाला धडकला तर ती तुटते आणि इंजिन वाचतं. ती तुटली होती. त्याच वेळी वारा सुटला आणि नाव आडवी होऊन दूर सरकायला लागली.

एका वल्ह्यानं मी प्रयत्न केला. नाव गोल फिरली, पहिल्या दिवशी फिरली होती तशीच. मी वल्हं खाली ठेवलं. ओरडण्यात अर्थ नव्हता, एवढ्या लांब आवाज गेला नसता. इंजिनचे स्क्रू सैल करून मी ते सगळं नावेत ओढून घेतलं. नाव इतकी कलली की पाणी आत आलं. अंगातला सदरा काढून खाली पसरला, म्हणजे एखादा भाग हातातून सुटला तरी पाण्यात जाणार नाही. इंजिन गुडघ्यांत दाबून धरलं. पंखा निसटू नये म्हणून टोकाला अडकवलेली तार दातांनी सरळ केली आणि नावेत ठेवलेल्या पकडीनं ओढून काढली. पिनचे तुकडे बाहेर काढले. बसायच्या फळीतला एक खिळा उपटला, वाकवून वाकवून त्याचं डोकं मोडलं आणि तो भोकात घातला. खिळा जाड होता. मी तो पकडीच्या दातेरी तोंडावर घासत बसलो. बोटं सोलली. वारा नाव कुठं नेतो आहे तिकडे मी बघितलं नाही. हे झालं नाही तर मला आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानं फिरावं लागेल, एवढंच डोक्यात होतं.

खिळा बसला. इंजिन परत मागे लावलं, दोरी ओढली. पंखा फिरला.

आमच्या काठाला आलो तेव्हा सूर्य उतरला होता. काठ रिकामा होता. पाण्याला लागून बायकोच्या चपला ठेवलेल्या होत्या. बाजूला भाकरीचं फडकं होतं. ती कुठंच दिसत नव्हती.

मी तिला हाक मारली. कुणी ओ दिली नाही. तिनं माझी नाव वाहत जाताना पाहिली असणार. पुढचा विचार मला करवेना. मी पाण्यात उतरलो, छातीएवढ्या पाण्यात जाऊन पायांनी चाचपडत राहिलो. मग वळलो तेव्हा काठाच्या ओल्या मातीत अनवाणी पावलं दिसली. ती पाण्यात गेलेली नव्हती. काठाकाठानं पुढे गेली होती.

नावेत बसून मी काठ धरून निघालो. ओढे धरणाला मिळतात तिथं पाणी आत लांबवर शिरलेलं असायचं, चालणाऱ्याला मोठा वळसा पडे. अशाच एका ओढ्याच्या तोंडाशी ती दिसली. गुडघ्याइतक्या चिखलात उभी होती आणि एका बाभळीची फांदी टेकून पुढचं पाऊल कुठं टाकावं ते बघत होती. इंजिनचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं. हलली नाही.

मी नाव जवळ नेली. "कुठं निघालीस?"

"पलीकडं. तुमची नाव तिकडं लागंल असं वाटलं."

"आन चपला?"

"चिखलात रुतत हुत्या. काढून ठिवल्या."

मी तिचा हात धरून तिला वर ओढलं. ती नावेत बसली आणि माझ्या सोललेल्या बोटांकडे बघू लागली. मग म्हणाली, "त्या दिवशी चाक माझ्या हातात हुतं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हे बोलली.

"हात मी घातला हुता," मी म्हणालो. "तू काय करनार?"

"थांबवायला पायजे हुतं."

"तू थांबवलंस. मी बघितलं. तू सगळा जोर लावून चाक धरलंस. ते जड हुतं, थांबलं न्हाई."

तिनं पदरानं तोंड झाकलं. नाव ओढ्याच्या तोंडाशी नुसती तरंगत होती. मी काही समजूत घातली नाही. मला जे दिसलं होतं ते सांगून झालं होतं, आणि ते मी तिला कितीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटत होतं.

पदर खाली घेऊन तिनं तोंड धुतलं. मग इंजिनकडे बोट करून म्हणाली, "ह्ये मला शिकवा."

"आता? अंधार पडंल."

"पडू द्या. परत कुनाला असं काठावर बसायला लागाया नको."

आम्ही जागा बदलली. तिच्या पहिल्या ओढीला इंजिन लागलं नाही. दुसरीलाही नाही. तिनं पाय रोवले, दोरी दोन्ही हातांनी धरली आणि अशी ओढली की ती जवळजवळ माझ्या अंगावर पडली. इंजिन लागलं. दांडा उजवीकडे केला की नाव डावीकडे जाते हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला, तोवर आम्ही एकदा काठावर चढलो आणि एकदा भोयाच्या जाळ्याचे तरंगते डबे उडवले. म्हातारा काठावरून काहीतरी बोलला. ती सरळ पुढे बघत होती.

पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही. धरणाचं पाणी जुन्या नदीच्या पात्रापर्यंत खाली गेलं आणि बुडालेल्या शेतांचे बांध उघडे पडले. आम्ही नाव घराशेजारी उपडी घातली. इंजिन गोणीत गुंडाळून घरात ठेवलं होतं. ते बायको मधूनमधून बाहेर काढायची, पिंपात उभं करायची आणि थोडं चालवून परत ठेवायची. गंजलं तर परत कोन दुरुस्त करनार, म्हणायची.

पाणी परत आलं तेव्हा ती पोहायलाही शिकली. मी कमरेला दोर बांधून तिला उथळ पाण्यात शिकवलं. बायका हसायच्या, आम्ही हसू दिलं. नंतर काही वेळा ती एकटीच नाव घेऊन गेली. मी काठावर बसून राहायचो आणि तेव्हा मला कळलं की तिथं बसून नुसतं बघत राहणं किती अवघड असतं.

बहुतेक वेळा मात्र आम्ही दोघं जायचो. ती मागे दांड्यावर, मी पुढे गळाशी. एकदा एक मोठा कटला लागला. दोरा हातातून सरसर जायला लागला आणि मी तिला काही सांगायच्या आत तिनं इंजिन बंद करून नाव माशाच्या दिशेनं वळवून ठेवली होती. त्यानं आम्हाला बराच वेळ ओढत नेलं. वर आला तेव्हा एका हातानं मला तो आत घेता येईना. तिनं वाकून त्याच्या कल्ल्यात बोटं घातली.

"धरा तिकडनं," ती म्हणाली. आणि आम्ही दोघांनी मिळून तो आत ओढला.