बिनमांसाची गोळी

खरवईहून वहिनींचा फोन आला, तेव्हा मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या औषधाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला खोकल्यावर भाषण देत होतो. "भाऊजी, हे आज उठलेच नाहीत," त्या म्हणाल्या. आणि मी, तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून स्वतःला अर्धा डॉक्टर समजणारा शहाणा, काय विचारावं? "काल गोळी घेतली होती ना?" त्या हळूच म्हणाल्या, "घेतली होती हो. हार्टनं गेले म्हणतात डॉक्टर."

नारायणदादा माझा चुलतभाऊ. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. पस्तिशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. बंद पंख्यातून कोणीतरी शिव्या घालायचं, कामावरची माणसं डब्यात काहीतरी कालवतात असं वाटायचं. नोकरी सुटली. डॉक्टरांच्या औषधानं शिव्या कमी झाल्या, पण माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिथून त्याला वळवलं ते गावच्या मारुतीच्या देवळातल्या भजनानं. बुवांनी हातात टाळ दिले नि म्हणाले, "गाऊ नकोस, नुसता ठेका धर." ठेक्याकडे कान दिले की पंख्यासाठी ते उरत नसत. वर्षभरानं दादानं तुळशीची माळ घातली. ज्या घरात सुकटीच्या वासावर दोन भाकऱ्या जास्त जातात, त्या घरात त्यानं मासळी सोडली! तो पुन्हा हसायला लागला. महिन्याच्या गोळ्या मी पोचवायचो.

इथं माझी अक्कल आडवी आली. एका श्रावणात त्याच्या ओट्यावर चहा पिताना मी डोळा मारून म्हणालो, "काय रे माळकरी, रोज मटण गिळतोस की! या कॅप्सूलचं टरफल कशाचं असतं ठाऊक आहे? जनावराच्या हाडांचं!" मी हसलो. तोही हसला. त्या दिवसापासून त्यानं कॅप्सूल घेतली नाही, आणि आम्हाला कोणाला पत्ताच नाही.

आवाज परतले. एके सकाळी दादा घरातून नाहीसा झाला. शिरगावपर्यंत सगळं पालथं घातलं. तिसऱ्या दुपारी मान वर केली तर तो आमच्याच दुकानात, गिऱ्हाइकांमागे रांगेत उभा. अनवाणी, पाय सुजलेले. पाळी येईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आरं, बिनमांसाची गोळी मिळल का? लई बोलतात रं ते…" आमचे सिंधी शेठ मला म्हणाले, "खडा क्या है साईं? पहले पानी पिला भाई को."

डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून साधी गोळी दिली. तरी दादाचा हात पुढे होईना. शेवटी बुवांनी ती मारुतीपुढच्या ताटलीत, तुळशीच्या पानावर ठेवली. आरती झाली. "नारायणा, आता हा प्रसाद. नको म्हणशील?" दादानं उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा. नंतरची कित्येक वर्षं, रोज संध्याकाळी, असंच.

औषध का सोडलं होतं, असं वहिनींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कटाळा आलेला." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी एकदा माफी मागायला गेलो, तर तोंड उघडायच्या आत म्हणाला, "गप रं. तुझ्या थट्टेपायी माझ्या गोळीला देवापुढं जागा मिळाली." मी लगेच गप्प झालो. सोयीचं होतं ना ते!

तेराव्याला वहिनींनी उरलेली पट्टी माझ्या हातात ठेवली. "दुकानात परत घेतात ना? भाऊजी, तुम्ही एवढी वर्षं औषध आणलंत, म्हणून हे जगले." कापलेली पट्टी परत घेत नाही, हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा ठणकावतो. "घेतात," म्हणालो आणि ती खिशात टाकली.

वहिनी, कोणी घेतली नाही. कोणी घेणारही नव्हतं. आणि दादाला कंटाळा आला नव्हता… ते तुमच्या ओट्यावर बसून सांगायला हवं होतं, ते मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहितोय, यातच माझी हिंमत कळते. वाचून फोन करा, नाहीतर करू नका. पट्टी माझ्या काउंटरच्या खणात आहे. आठ गोळ्या.