डालग्यातून आलेली तलंग

१९४६ सालचा मार्च, बाजाराच्या आदल्या दिवशीची सकाळ. मी खुराडं खरवडत होते. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. खुराडं परसात, दगडमातीचं, कमरेएवढं. त्यात वाकून शिरायचं, खुरप्यानं वाळलेली शीट काढून मिरचीच्या वाफ्यात टाकायची. मग भेगांना चुना, खाली चुलीतली राख, आणि कोंबड्या बसायच्या दांडीवरून रॉकेलचं फडकं, उवांसाठी. रॉकेल कंट्रोलवर होतं, कार्डावर मोजून मिळे. घरात दिवा मिणमिणतो आणि हिच्या कोंबड्यांचे लाड चाललेत, असं सासूबाई रोज सुनवायच्या. मी ऐकून घेत असे. तीन पोरांची आई झाले तरी बांगड्या भरायच्या म्हटलं की त्यांच्यापुढं उभं राहावं लागे. अंड्यांचे पैसे तेवढे माझ्या हातात पडत, आणि ते कुठं गेले हे कोणी विचारत नसे. म्हणून मी खुराडं साफ ठेवत होते. कोंबड्यांवर जीव होता म्हणून नव्हे.

त्या दिवसांत वरच्या आळीत मानमोडी आली होती. कोंबडी गळाठते, हिरवी शीट टाकते, मान वाकडी होते आणि मरते. मी कुंपणाच्या फटी बाभळीच्या काट्यांनी बुजवल्या आणि कोंबड्या बाहेर सोडणं बंद केलं. माझं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी पाटी, त्याआधीच चुलत जावेनं नेलं होतं. ती वरच्या आळीतली. ते परत मागायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

पण त्या दुपारी मी हरभरा उपटायला गेले असताना ती आपणहून घेऊन आली. नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. तिच्या घरात साखरही नव्हती. म्हणून तिनं डालग्यात एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घालून आणली. सासूबाईंनी ती घेतली आणि माझ्या खुराड्यात सोडली.

मी शेतातून आले तेव्हा ती दांडीवर माझ्या कोंबड्यांना खेटून बसली होती. मी तिचे पाय धरून बाहेर काढली. सासूबाई आडव्या आल्या.

"दिवं लागायची येळ हाय. आल्या लक्षुमीला भाईर काढतीस व्हय?"

"आत्याबाई, त्यांच्या घरात मानमोडी हाय."

"आसंल. ही तर जित्ती हाय न्हवं?"

मालक ओसरीवर तंबाखू मळत होते. एका कोंबडीवरून कशाला वाद, म्हणाले. सासूबाईंनी तलंग माझ्या हातातून घेतली, आत सोडली आणि फळी लावून घेतली.

सकाळी मी ती वेगळी झाकली. पाण्याचं परळ उकळत्या पाण्यानं धुतलं, खुराडं पुन्हा खरवडलं, चुना लावला. काही उपयोग झाला नाही. आधी ती तलंग गेली, मग आठवड्याभरात माझ्या सगळ्या. ती चुलत जाऊ येऊन रडली. त्यातल्या त्यात चांगली बघून दिली होती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी परसात खड्डा खणून चुना टाकून मेलेल्या कोंबड्या पुरत होते, तेव्हा सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. रॉकेलच्या वासानंच कोंबड्या मेल्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आता काय लागलं तर माग की मला. मी काय न्हाई म्हनते व्हय?"

मी माती लोटली आणि पाय धुऊन स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून घेतली, सासूबाईंच्या समोरून निघाले आणि शेजारच्या मळ्यात परक्या बायांच्या ओळीत बसून रोजानं कांदे काढू लागले. आमच्या घरातली बाई तोवर कधी दुसऱ्याच्या रानात रोजानं गेली नव्हती.