लाल गाईच्या अडीच ओळी

माझा चुलतभाऊ पलटणीत गेला तेव्हा मी गावच्या शाळेत मास्तर होतो, म्हणून त्याची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मंगरूळपीरच्या बाजारात बँड वाजवून भरती चालली होती. एका साहेबाने त्याची छाती मोजली, दुसऱ्याने दात पाहिले. बैल घेताना आम्ही निदान चालवूनही पाहतो. नांगर सोडून गडी गेला आणि काही महिन्यांनी पत्रं येऊ लागली.

त्याला लिहिता येत नव्हतं. पलटणीतला कुणी लेखनिक लिहायचा : "सरकारच्या कृपेने मी खुशाल आहे. जेवण उत्तम मिळते. काळजी नसावी." तिन्ही पत्रांत एवढंच.

"जेवन उत्तम?" त्याची आई, माझी काकू, म्हणाली. "मीठ कमी पडलं त ताट बाजूले सारे तो. हे माह्या पोराचं बोलनं नाही, मास्तर."

"लिहिणारा दुसरा आहे, काकू."

"सांगनारा तरी तोच आहे काय? का पोरगा गेला अन् हे लिवूनच राह्यले?"

वर्तमानपत्रात आपण दर आठवड्याला जिंकत होतो आणि युद्ध काही संपत नव्हतं.

उपाय काकूनेच काढला. "लिही, आपल्या लाल गाईले गोऱ्हा झाला."

घरात गाय नव्हतीच. एक मारकी म्हैस होती. तिच्या लाथेची खूण पोराच्या नडगीवर होती.

"उत्तरात आनंद झाला असं आलं, त तो माहा पोरगा नाही. मंग मी रडाले मोकळी."

पत्र टाकलं आणि मला पस्तावा झाला. कुणाचीही गाय व्याली की आनंद होणं ही लेखनिकांची रीतच. पोरगा धडधाकट असूनही काकू रडायला बसली असती.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. आधी कृपा, खुशाली, जेवण. मग "गाईबद्दल" एवढा शब्द, आणि पुढे अडीच ओळींवर काळी शाई फासलेली. उन्हात धरूनही काही दिसेना. मी म्हणालो, पत्रं तपासणाऱ्या साहेबाला संशय आला असेल : लाल गाय म्हणजे एखादी पलटण, गोऱ्हा म्हणजे तोफ.

काकू किती तरी दिवसांनी हसली. "आनंद झाला असता त पुसला कायले असता? शिव्या देल्ल्या त्यानं मले. जिता आहे!"

"शाईखाली काहीही असू शकतं, काकू."

"तू मास्तरच राह्य," ती म्हणाली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

युद्ध संपल्यावर तो वाशीमच्या स्टेशनवरून चालत आला. पेटी डोक्यावर तशीच ठेवून आधी गोठ्यात डोकावला.

"गाय कुठी आहे व, बुढे?" त्याने आईला विचारलं.

मी त्याला त्या अडीच ओळी विचारल्या. त्याने तोंडपाठ म्हणून दाखवल्या. काकू पदरात तोंड लपवून हसत होती. इथे त्या लिहिता येत नाहीत. सरकारच्या एखाद्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत झालो, तो तेवढा एकच.