कार्डात स्लॅब निघाला, पोरगी नाही

पाटणच्या वर आमचं गाव. धाकटा दीर फौजेत. त्याच्या चौकीवर इंटरनेट पोचत नाही, आठवड्याला एक फोन तेवढा येतो. मुलगी झाली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. म्हणून तिची पाचवी, बारसं, आंघोळ, जांभया, सगळं मी माझ्या फोनवर टिपलं. त्याच्याच युनिटमधला गावातला एक जवान रजा संपवून निघाला, त्याच्याजवळ लाडवांचा डबा आणि एक मेमरी कार्ड दिलं. कार्डात फोनातलं सगळं, मागच्या वर्षीच्या घराच्या स्लॅबपासूनचं, तारखेच्या क्रमाने उतरवलं होतं. देण्याआधी फायलींची नावं जुळवून पाहिली, एकही कमी नव्हतं.

पुढे माझा फोन सुरू होता होताच अडकायला लागला आणि एक दिवस बंदच पडला. कराडच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला.

"ताई, आतली मेमरीच मेली. स्वस्तातल्या फोनात जुन्या जातीची मेमरी घालतात, ईएमएमसी. महागात यूएफएस असते, ती जलद चालते. खोक्यावरचा जीबीचा आकडा मात्र दोन्हीकडं सारखाच."

"यूएफएस मरत नाही?"

"मरते की! दुसरीकडं उतरवून ठेवलंय का, ते सांगा."

"ठेवलंय," मी ऐटीत म्हणाले.

त्याच आठवड्यात दिराचा फोन आला. मी स्पीकर लावला. जाऊ पोरीला घेऊन शेजारीच बसली होती.

"वैनी, घराचा स्लॅब लय झ्याक पडलाय. पर पोरगी कुठं हाय?"

"स्लॅब मागच्या वर्षीचा. खाली जा, बारसं लिहिलंय बघ."

"नावं समदी हायती. उघडत एक न्हाई."

जाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. फोन कटला.

कार्ड बाजारातल्या हातगाडीवरचं होतं, दुकानातल्यापेक्षा पाव किमतीचं. दुरुस्तीवाला म्हणाला, "पाचशे बारा जीबी लिहिलेलं असतं, आत बत्तीस असंल. ते भरलं की पुढचं नुसतं नाव लिहून घेतं, माल टाकून देतं."

मापात मारणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिलेत. पण धान्य बाहेर सांडून वर भरल्याची पावती देणारं पोतं मी पहिल्यांदाच पाहत होते. अजूनही ते खरं वाटत नाही.

यूएफएसवाला फोन घेतला, दुकानातून बिलासकट कार्ड घेतलं, पोरीचे नवे व्हिडिओ काढले. पण ती आता बसायला लागली होती. मुठी आवळून झोपणारी, टाळू लपलपणारी पोर कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती.

पुढच्या फोनला मी नव्या कार्डाचं सांगायला लागले, तेवढ्यात जावेने माझ्या हातातून फोन घेतला. सासरे समोरच बसले होते. त्यांच्यासमोर ती नवऱ्याशी कधी दोन शब्द बोलत नाही.

"ऐका," ती म्हणाली. "झाली तवा लालभडक व्हती. कानावर लव. नाक तुमचंच, बसकं. बारशाला कानात नाव सांगितलं तर शिंकली."

सासरे उठून बाहेर गेले.

"आनि?" दिराने विचारलं.