डिझेलच्या पाइपावरचा नाडा

माझी नेमणूक देवासला, होमगार्डच्या पूर-पथकात होती. आमच्याकडे एक डिझेल ट्रक, एक रबरी बोट, दोर आणि लाइफ जॅकेटं. पावसाळाभर रोज सकाळी हजेरी. मग बोटीत हवा भरून बघायची, दोर उलगडून पुन्हा गुंडाळायचे, ट्रक थोडा वेळ चालू ठेवायचा. बहुतेक दिवस एवढंच काम. लोकांना वाटतं आम्ही सारखे पाण्यात असतो. आमचा जास्त वेळ वाट बघण्यात जातो.

बायकांना बोटीत घ्यायला बाई जवान लागते, म्हणून मी पथकात होते. मी फारशी बोलत नसे.

ट्रक दत्तूकाका चालवायचे. काका धारचे, जुन्या मराठी घरातले. मला ते ‘कुसुमबाई’ म्हणत, वयाने मी त्यांच्या मुलीएवढी असूनही. गाडी बिघडली तर दुरुस्तीही तेच करत.

बोनेट उघडलं की फिल्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या पाइपावर पूजेच्या लाल नाड्याची, म्हणजे मनगटाला बांधतात त्या दोऱ्याची, जाड गुंडाळी दिसायची. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की मुकेश तिथे नाडा बांधायचा. जुना काढायचा नाही, त्यावरच नवा. मुकेश आमचा पोहणारा जवान, काकांचा ‘मुक्या’. नेमावरला नर्मदेच्या पुरात एका म्हाताऱ्याला बोटीत चढवताना तो गेला. म्हातारा वाचला. मुकेशच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक काठावर काकांच्या हातात होतं. दोर खडकावर घासून तुटला.

त्यानंतर काका इंजिन पुसताना तेवढी जागा सोडून पुसायचे. मुकेशचं नाव ते घेत नसत. मग आम्हीही घेत नव्हतो.

पुढच्या पावसाळ्यात केबिनमध्ये डिझेलचा वास यायला लागला. फिल्टरच्या खालच्या बोल्टवर थेंब दिसायचा. काकांनी बोल्ट आवळला, वॉशर बदलला. वास जाईना.

अशातच एक दिवस दुपारी वायरलेस आला. धरणातून पाणी सोडलं होतं आणि नेमावरजवळ मासे धरणारं एक जोडपं नदीतल्या टापूवर अडकलं होतं. त्या ओढीत गावातल्या नावा जाऊ शकत नव्हत्या. पथकाचे हवालदार साहेब, काका आणि मी निघालो. बाकीचे दोन जवान मागे बोटीपाशी बसले.

कन्नौदच्या अलीकडे घाट लागतो. अर्ध्या चढावर ट्रकची ओढ कमी झाली. काकांनी गिअर उतरवला. गाडी धापा टाकत थोडी चढली आणि बंद पडली.

“क्या हुआ भिया?” हवालदार साहेबांनी विचारलं.

“डिझेल पोहोचत नाही इंजिनाला. चढावर जास्त लागतं.”

“टाकी तो फुल थी?”

“टाकीत आहे साहेब. वाटेत सांडतंय.”

वायरलेसवर आवाज आला, “लोकेशन बताओ. ओव्हर.”

“घाट में. गाड़ी बंद है. ओव्हर.”

“पानी बढ़ रहा है. आधा टापू डूब गया. जल्दी करो. ओव्हर.”

काकांनी बोनेट उघडलं. खालच्या बोल्टवरून धार लागली होती. त्यांनी फडक्याने सगळं कोरडं पुसलं.

“कुसुमबाई, पायाला लावायची पावडर आहे?”

गमबुटात पाय ओले राहतात म्हणून ती पावडर माझ्या पिशवीत असायची. मी डबी दिली. त्यांनी पाइप, फिल्टर, बोल्ट, सगळीकडे पावडर शिंपडली. कोरड्या पावडरीवर डिझेल आलं की काळा ओला डाग पडतो. जिथे पहिला डाग पडेल तिथून गळती.

“हातपंप मारतो. तू बघ. गळती दिसते तिथेच असते असं नाही, वरून खाली बघत ये.”

मी वाकून इंजिनाकडे हात नेला तर त्यांनी तो धरून मागे केला. “पोरी, गळती कधी बोटाने चाचपायची नाही. चालू इंजिनात जाड पाइपांतून सुईसारखी धार येते, कातडीत घुसते. आता बंद आहे, पण सवय नको.”

‘पोरी’ असं ते मला पहिल्यांदाच म्हणाले.

त्यांनी पंप मारला. खालचा बोल्ट अजून पांढरा होता. पहिला डाग वर पडला, नाड्याच्या गुंडाळीच्या कडेला. मग नाड्याच्या टोकावरून डिझेल पाइपाच्या पाठीने उतरलं आणि बोल्टपाशी थेंब झालं.

काकांनीही ते पाहिलं. त्यांनी पाना घेतला आणि पुन्हा बोल्ट आवळायला लागले.

मी उभी राहिले. हवालदार साहेब रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. टापूवरची बाई माझ्या डोळ्यांसमोर येत होती. तिला मी पाहिलंही नव्हतं.

“काका,” मी म्हटलं, “बोल्ट बरोबर आहे. नाडा ओला आहे.”

ते थांबले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

“माहीत आहे,” ते हळू म्हणाले.

त्यांनी नखांनी गाठ सोडवायला घेतली. डिझेल आणि धूळ बसून ती दगडासारखी झाली होती. वायरलेस पुन्हा बोलला. हवालदार साहेबांनी उत्तर दिलं, पण काकांना घाई केली नाही. मी माझा चाकू उघडून पुढे धरला.

काकांनी तो घेतला. गुंडाळीवर अंगठा ठेवला.

“मुक्या, जरा सरक बाबा,” ते म्हणाले, आणि कापला.

खाली पाइप गंजला होता. ओल नाड्यात धरून राहिली होती आणि एका जागी टाचणीएवढं भोक पडलं होतं. काकांनी बोटीच्या पंक्चरच्या सामानातला रबराचा तुकडा त्यावर गुंडाळला, दोन क्लिपा आवळल्या. मग आत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी फेस आला, बुडबुडे आले, मग नितळ डिझेल. स्क्रू बंद. मी पुन्हा पावडर शिंपडली. ती पांढरीच राहिली.

दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा टापूवर दोघं कमरेएवढ्या पाण्यात बाभळीला धरून उभी होती. दोन फेऱ्या करता येणार नव्हत्या. एकाच फेरीत दोघांना घेतलं. बाईचे दात वाजत होते. काठाला लागेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

परतताना अंधार पडायच्या आत खातेगाव आलं. काकांनी न विचारता गाडी आत वळवली. तिथे मुकेशचं घर होतं.

“वर्ष झालं, आलो नाही,” ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. “साहेब, पाच मिनिटं.”

“जाओ भिया. हम भी आते हैं.”

मुकेशच्या आईने दार उघडलं. काकांना ओळखायला तिला क्षणभर लागला.

“घणा दन में आया, भाई,” ती म्हणाली.

काका म्हणाले, “हो बाई. उशीर झाला.”

आम्ही ओट्यावर बसलो. मग काकांनीच मुकेशची गोष्ट काढली. एकदा केबिनमध्ये पाल निघाली, तर पुरात उडी मारणारा हा गडी सीटवर चढून बसला आणि ती बाहेर जाईपर्यंत त्याने गाडी पुढे नेऊ दिली नाही. हवालदार साहेब हसले. मीही हसले. त्याची आईही पदर तोंडाला लावून हसली.

“छोटा था तब से डरता था,” ती म्हणाली. भिंतीवर पाल दिसली की तो तिच्या अंथरुणात यायचा.

तिने चुलीवर तवा ठेवला आणि तो लहानपणी कसा होता ते सांगायला लागली. आम्ही जेवेपर्यंत ती सांगत होती.